आत्याच्या वाईनमधल्या चौदा मिरच्या

टेबलावर स्वस्त लाल वाईनच्या सहा बाटल्या होत्या, प्रत्येकी साडेसातशे मिलिलिटर. दालचिनीचे नऊ तुकडे. लवंगा बावीस, आणखी एक डोकं उडालेली, ती मी धरली नाही. जायफळ एक. आलं एकशे अठरा ग्रॅम. साखर अर्धा किलो. आणि सुक्या लवंगी मिरच्या चौदा. मिरच्या मी दोनदा मोजल्या.

“झाल्या मोजून?” जसिंता आत्याने विचारलं. “की चर्चमध्ये लग्नाची नावं वाचतात तशी यांचीही तीन रविवार वाचायची?”

“आत्या, चौदा म्हणजे खूप होतात.”

“सहा बाटल्यांना चौदा. बाटलीला अडीचसुद्धा नाही.”

“दोन पूर्णांक तेहेतीस शतांश.”

“बघ,” आत्या म्हणाली. “तूच सांगतेस कमी आहेत.”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. केमिस्ट्रीत एम.एस्सी.ची परीक्षा देऊन नुकतीच वसईला घरी आले होते आणि सोबत एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणला होता. घरात काट्याचं कौतुक दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मी पप्पांच्या चहातली साखर मोजायला गेले, तेव्हापासून पप्पा शेजाऱ्यांकडे चहा प्यायला लागले.

माझी मोठी बहीण लॉर्ना हिचं लग्न एकवीस दिवसांवर होतं. आमच्या घराण्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात एक रीत असते. मुलीकडची सगळ्यात मोठी बाई वाईनचा पहिला घोट घेते, ग्लास फिरवून मुलाच्या वडिलांना देते, आणि त्यांनी तो रिकामा केला की नातं पक्कं. ती वाईन घरचीच लागते. घरची म्हणजे दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरची आणायची, मसाला घालून मंद आचेवर तापवायची, गाळायची आणि आठ दिवस झाकून ठेवायची. आत्या म्हणायची, “दुकानात मिळते ती अडाणी वाईन. तिला घरी आणून शिकवावं लागतं.” घरातली सगळ्यात मोठी बाई म्हणजे पप्पांची ही थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं, ती आमच्यातच राहायची आणि गेली तीस वर्षं घरातली वाईन तीच शिकवत होती.

अडचण अशी की अलीकडे वाईन जरा जास्तच शिकली होती.

गेल्या नाताळात लॉर्नाचे होणारे सासरे सायमन सर पहिल्यांदा घरी आले. निवृत्त हेडमास्तर, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. आत्याने त्यांना ग्लास दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि त्यांना खोकला लागला. तो चार मिनिटं दहा सेकंद चालला. मी घड्याळ लावलं होतं, म्हणून लॉर्नाने मला टेबलाखालून लाथ मारली. श्वास परत आल्यावर सर म्हणाले, “जसिंताबाई, ही वाईन नाही. हे इंजेक्शन आहे.” सगळे हसले. आत्याही हसली. पण त्यानंतर आमच्या आईने मनावर घेतलं.

“मांडवात दीडशे माणसं असणार,” आईने मला विहिरीजवळ गाठून सांगितलं. “तिथे व्याही खोकत बसले तर शोभेल का? यंदा वाईन दुसऱ्या कोणीतरी करावी. आणि आत्याला ते तू सांग.”

“मी का?”

“आम्ही सांगितलं तर भांडण होईल. तू सांगितलंस तर शिक्षण होईल.”

हे मला पटलं. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते, पण तेव्हा पटलं.

माझ्याकडे आकडे होते. नववीपासून मी दर नाताळला आत्याच्या वाईनची कृती वहीत टिपून ठेवत होते. इतर मुली त्या वयात कविता टिपायच्या. सहा बाटल्यांना मिरच्या किती, याची दहा वर्षांची नोंद अशी होती: एक, एक, दोन, दोन, तीन, चार, सहा, आठ, अकरा, चौदा. मी आलेख काढला. सुंदर वक्ररेषा आली. दर अडीच वर्षांनी मिरच्या दुप्पट होत होत्या. याच वेगाने मी चाळीस वर्षांची होईन तेव्हा सहा बाटल्यांत साडेपंधराशे मिरच्या पडतील, म्हणजे वाईन ओतायला जागाच उरणार नाही, असं मी जेवताना जाहीर केलं. पप्पांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आत्याने भाताचा घास घेतला आणि म्हणाली, “चाळीस वर्षांची होईपर्यंत तुझं लग्न झालं तर बघू.”

मी प्रयोग आखला. त्याच सहा बाटल्या वेगवेगळ्या शिकवायच्या: मसाला तोच, मिरची मात्र शून्यापासून आत्याच्या मापापर्यंत चढत जाणारी. ग्लासांवर तीन आकडी नंबर, कोणत्यात काय ते फक्त मला माहीत. परीक्षक चौघे: आई, पप्पा, लॉर्ना आणि आत्या. प्रत्येकाला कागद, त्यावर रंग, वास आणि चव असे तीन रकाने, दहापैकी मार्क. माझा कावा असा होता की नंबर झाकले की आत्याही कमी तिखटाचीच वाईन निवडेल आणि मग तिला तिचीच सही दाखवता येईल.

आणि मी सातवा ग्लास ठेवला. नंबर पाचशे अडतीस. त्यात वाईन नव्हतीच. आमसुलं उकळून केलेलं पाणी, साखर, तुरटपणासाठी थोडा कोरा चहा, आणि भरपूर मिरची. प्रयोगात असा एक खोटा नमुना ठेवतात. जो त्यालाही छान म्हणेल, त्याचं मत धरायचं नाही.

आठ दिवसांनी, दुपारी जेवणाआधी, चौघे टेबलाशी बसले.

“मार्क द्यायचे की प्यायची?” पप्पांनी विचारलं.

“घोटभर घ्यायची, मग पाणी प्यायचं, मग मार्क.”

“पाणी कशाला? चांगली चव घालवायला?”

आईने पहिला ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि वासाला सात मार्क दिले. आत्याने आईच्या कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या ग्लासाकडे. मी म्हटलं, “कॉपी चालणार नाही.”

“डोळे आहेत ते इकडे तिकडे जाणारच,” आत्या म्हणाली. तिने घोट घेतला. “पाणी.”

दुसरा ग्लास. “हेही पाणी. बाप्तिस्म्याला चालेल.”

तिसऱ्याला तिने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही, नुसता ग्लास पुढे सरकवला. लॉर्नाला तोच आवडला. ती माझ्याकडे वळली. “ॲगी, हीच करा ना! लवंग किती छान लागतेय. याच्यात संत्र्याची साल आहे का?” होती. ती माझी स्वतःची भर होती आणि मी मनातल्या मनात स्वतःला नऊ मार्क दिले. आईने मान डोलावली. पप्पांनी मार्क न देता ग्लास संपवला, म्हणजे बहुमत झालंच.

मग पाचशे अडतीस आला. आईने वास घेऊन भुवया आक्रसून घेतल्या. लॉर्ना म्हणाली, “ईऽ, हे काय?” पण आत्याने घोट घेतला, क्षणभर थांबली, आणि तिचा चेहरा खुलला. खिडकी उघडल्यावर खोली दिसते तसा.

“ही,” ती म्हणाली. “ही वाईन. हिला म्हणतात शिकलेली.” आणि तिने चवीच्या रकान्यात दहा लिहिले.

मला वाट पाहता आली असती. सगळे कागद गोळा करून, बाजूला नेऊन तिला एकटीला सांगता आलं असतं. पण मी उभी राहिले आणि म्हटलं, “आत्या, ही वाईनच नाही. हे आमसुलाचं पाणी आहे.”

पप्पांनी टेबलावर थाप मारली. लॉर्ना खुर्चीत मागे पडून हसली. आई तोंडाला पदर लावून म्हणाली, “अगं बाई, जसिंता! तीस वर्षं आम्ही हिच्या जिभेवर विश्वास ठेवला!”

आत्याही हसली. सगळ्यांच्या एक श्वास मागून. मग उठली आणि ग्लास गोळा करायला लागली.

“ग्लास राहू दे आत्या,” मी म्हटलं. “उरलेलं मोजायचंय मला.”

तिने हातातला ग्लास जसा होता तसा खाली ठेवला.

दुपारभर मी माझ्या खोलीत सरासऱ्या काढत बसले. खुशीत होते. आत्याच्या कागदावर चवीचे मार्क अगदी नीट होते: मिरची वाढेल तसे वाढत गेलेले, एकाही ठिकाणी चूक नाही. वासाच्या रकान्यात मात्र सात ग्लासांना सातच्या सात वेळा ‘७’ लिहिलेला होता. प्रमाण विचलन शून्य. मी शेरा मारला: निष्काळजी परीक्षक.

शेरा मारून झाल्यावर मला आठवलं की पहिला सात आईचा होता.

मी आलेख पुन्हा काढला. एक, एक, दोन. दोनावर मी अकरावीत होते. त्या पावसाळ्यात आत्या पंधरा दिवस तापाने पडून होती. मी तिच्या खोलीत बसून तापाचीही नोंद ठेवली होती, दिवसातून चार वेळा. वहीत ती आलेखापासून फक्त तीन पानं मागे होती.

मी औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या घेतल्या, कागदात गुंडाळल्या. एकीत कॉफी, एकीत गुलाबपाणी, एकीत नुसतं पाणी. आत्या मागच्या पडवीत शेजाऱ्यांच्या मसाल्याची मिरची भाजत होती. आमच्या आळीतल्या अकरा घरांचा वर्षाचा मसाला तिच्याच हातचा असायचा. मी तोंडाला रुमाल बांधूनही खोकत होते. ती मात्र लोखंडी तव्याकडे कान करून बसली होती.

“आत्या, एक छोटीशी चाचणी. कशात काय आहे सांग.”

तिने तिन्ही बाटल्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. एकेक बाटली नाकाशी नेली, पण नजर माझ्या तोंडावरून हलवली नाही.

“या तिसरीत नुसतं पाणी आहे.”

“बरोबर!” मला खरंच आनंद झाला. “म्हणजे तुला येतो वास?”

“नाही. पहिल्या दोन वेळा तू श्वास रोखून बघत होतीस. तिसऱ्या वेळी नाही रोखलास.” तिने तव्यातल्या मिरच्या परतल्या. “तू पत्ते खेळायला बसू नकोस कधी, बाय.”

मी पडवीच्या पायरीवर बसले. 

“तो ताप आला होता तेव्हापासून?”

“ताप गेला. वास परत यायचा राहिला.”

“कोणाला सांगितलं नाहीस?”

“सांगून? अकरा घरं मिरची कोणाकडे देतील मग? ऐक.” तिने बोट वर केलं. तव्यात काहीतरी कोरडं, हलकं खुळखुळलं. “आता भाजली. कच्ची असते तोवर तव्यात पडते, भाजली की वाजते. इतकं पुरतं. रंग बघायला डोळे आहेत. जेवणात मीठ कळतं, आंबट कळतं, गोड कळतं. तुझी आई नाक मुरडते त्यावरून मासळी कळते.” तिने मिरच्या सुपात ओतल्या. “वाईनमध्ये काही ऐकू येत नाही.”

“मग मिरची...”

“मिरची तेवढी कळते. घसा जळतो. म्हणजे काहीतरी प्यायले असं वाटतं. दर वर्षी वाटतं, गेल्या वर्षी कमी पडली.”

तिखट ही चव नसते, ती जळण्याची जाणीव असते, तिची वाट वेगळी, नाक बंद झालं तरी ती पोचते. हे मला पेपरात आलं होतं. दहापैकी दहा मिळाले होते.

“तुझी आई म्हणतेय ना, ग्लास दुसऱ्या कोणी द्यावा?” आत्याने विचारलं. मी तोंडावरचा रुमाल सोडला. तिने माझं तोंड वाचलं. “लॉर्नाला मी पहिल्यांदा आंघोळ घातली होती. तुझी आई तेव्हा ताठ बसूही शकत नव्हती. मला तो ग्लास द्यायचाय, ॲगी. तेवढा एक.”

“तूच देशील,” मी म्हटलं. “मी बघते.”

“आणि हे?” तिने नाकाला बोट लावलं.

“माझ्या वहीत नाही जाणार.”

आत्याला जाऊन आता तीन वर्षं झाली. म्हणून हे लिहायला हरकत नाही.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं की वाईन आत्याच करेल, पण सहा बाटल्यांना एकच मिरची घालून, लॉर्नाला आवडली तशी. “ती मान्य करते?” आईने संशयाने विचारलं. “प्रयोगाचा निष्कर्ष आहे,” मी म्हटलं. आई निष्कर्षाला वचकून असायची.

आता प्रश्न होता तो एका ग्लासाचा. ग्लास एक, वाईन एक, पिणारे दोघे. आत्याला काहीतरी लागायला हवं आणि सायमन सरांना काही लागता कामा नये. मी तीन दिवस विचार केला. मग चौदा लवंगी मिरच्या स्पिरिटमध्ये भिजवल्या, गाळल्या, उन्हात आटवल्या आणि जो लाल चिकट अर्क उरला तो साखरेच्या पाकात कालवला. ग्लासाच्या काठाला एकाच बाजूला, दोन सेंटिमीटर लांबीत, शून्य पूर्णांक शून्य तीन ग्रॅम. त्या बाजूच्या तळाशी नेलपॉलिशचं एक लाल टिंब. टिंब स्वतःकडे ठेवून आत्याने प्यायचं. मग रिवाजाप्रमाणे ग्लास फिरवायचा, अर्धा फेरा. टिंब पलीकडे जाईल आणि पुढचा माणूस स्वच्छ बाजूने पिईल.

आम्ही पडवीच्या बाकावर शेजारी शेजारी बसून तालीम केली. आत्याने घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. “आहे,” ती म्हणाली. “वाईन आहे.” तिने ग्लास अर्धा फिरवला आणि माझ्या हातात दिला. मी प्यायले. मला फक्त लवंग आणि संत्रं लागलं. आम्ही पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा यश.

“अर्धाच फेरा ना?” आत्याने विचारलं.

“बरोबर अर्धा. एकशे ऐंशी अंश.”

ती ग्लासाकडे बघत राहिली. तिने तो माझ्यासमोर धरला, परत स्वतःकडे घेतला. “नक्की? बघ हां. तू शिकलेली आहेस.”

“आत्या, मी पाच वेळा तपासलंय.”

“बरं,” आत्या म्हणाली. “तू म्हणशील तसं.”

मांडवाच्या दिवशी पाच वाजता अंगणात दीडशे माणसं होती. एकशे सत्तेचाळीस, खरं तर. बँड थांबला. आत्या हिरवी साडी नेसून मधोमध उभी राहिली. सायमन सर पुढे आले आणि तिच्या समोर उभे राहिले.

समोर. शेजारी नाही.

आत्याने टिंब स्वतःकडे ठेवलं, घोट घेतला, आणि तिचे डोळे भरून आले. बायका कुजबुजल्या, “भाचीवर केवढी माया!” मला तेव्हा कुठे दिसलं. समोरच्या माणसाला ग्लास नुसता सरळ पुढे केला, तर आत्याची बाजू आत्याकडेच राहते. काहीच फिरवायचं नव्हतं. अर्धा फेरा दिला, तर टिंब थेट त्यांच्या ओठांशी जाणार होतं. हे आठवीतल्या मुलीने सांगितलं असतं. मी मान हलवली. हात हलवला. शेवटी लॉर्नाच्या मागे उभी राहून दोन्ही हात हलवले. आत्याने माझ्याकडे शांतपणे पाहिलं, आणि ग्लास फिरवला. बरोबर अर्धा. एकशे ऐंशी अंश.

सायमन सरांनी ग्लास तोंडाला लावला.

पहिला खोकला आला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेला मला अजून एकक सापडलेलं नाही. सर वाकले, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात ग्लास, पण तो त्यांनी सांडू दिला नाही. मग त्यांनी मान वर केली. चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी.

“इंजेक्शन!” ते कसेबसे म्हणाले. “मला वाटलं होतं... सोयरे म्हणून... यंदा तरी सोडाल!”

मुलाकडची माणसं आधी हसली. मग आमची. बँडवाल्याने आपण होऊन ढोलावर एक टिपरी मारली.

“सोयऱ्यांना कसं सोडायचं?” आत्या म्हणाली. “हा बूस्टर.”

त्या हशात ती माझ्याजवळून गेली. थांबली नाही. नुसती म्हणाली, “तू सांगितलंस तेवढाच फिरवला, बाय.”

सर अजून खोकत होते आणि हसत होते. त्यांनी ग्लास पुन्हा तोंडाला लावला आणि वर केला. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

खोकला: एक मिनिट अडतीस सेकंद. ग्लासात उरलेली वाईन: शून्य मिलिलिटर.